गुरुवारची चाल

रविवार, १० नोव्हेंबर १९७४. चर्चमध्ये सातची मिसा. खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फाची नक्षी. क्लेमचा गुडघा दुखतो आहे, म्हणून फिल्मचे डबे घेऊन मीच गेले. लाइल भेटला. नवा कोट, उंटाच्या रंगाचा. येताना रस्त्यावरच्या शेतकऱ्याकडून सफरचंदं घेतली, निम्मी मऊ निघाली. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत फिल्म लावली.

क्लेमचा गुडघा दुखत नव्हता. म्हणजे तो नेहमीच थोडा दुखायचा, पण लाइल टेस्मरला भेटायची वेळ आली की जास्त दुखायचा.

क्लेम व्होयटा माझा नवरा, आमच्या गावातल्या सेंट वेंडेलिन कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच. फुटबॉल म्हणजे आमच्याकडचा, चेंडू हातात घेऊन धावायचा. त्याचे वडील नदीकाठच्या बटणांच्या कारखान्यात शिंपले कापायचे. क्लेम पिंपासारखा आडवा वाढला, आणि कॉलेजात संघाच्या पुढच्या फळीत खेळला. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं. फळीतले लोक त्याच्यासाठी वाट मोकळी करतात आणि चिखल खातात. युद्धावरून परत आल्यावर सरकारी खर्चाने त्याने शिक्षण पुरं केलं, तिथेच इतिहास शिकवायला लागला, आणि जुना कोच कंटाळून गेला तेव्हा दुसरं कुणी तयार होईना म्हणून फादर लोकांनी शिट्टी क्लेमच्या गळ्यात घातली. ती तेवीस वर्षं राहिली.

आमचं कॉलेज लहान. मुलं पहाटे गायींचं दूध काढून वर्गात येणारी. पहिली काही वर्षं आम्ही इतके हरलो की न्हाव्याकडे क्लेमला खुर्ची रिकामी असूनही थांबवून ठेवायचे. मग हळूहळू जिंकायला लागलो. एकसष्ट साली तर एकही सामना हरलो नाही. त्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी हातात घेऊन डाव चालवणारा, लाइल टेस्मर होता.

दर गुरुवारी शेवटच्या वर्षाची मुलं आमच्याकडे जेवायला असायची. गुरुवारी सराव हलका असतो. मी मोठ्या भांड्यात मांसाचा रस्सा मंद आचेवर ठेवायचे, बटाटे, गाजरं, आणि नंतर कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव. जेवणं झाली की क्लेम टेबलावर अक्रोड मांडायचा. अकरा आपले, अकरा त्यांचे. मग तो आणि लाइल अक्रोड सरकवत बसायचे. बाकीची मुलं कोलाचे संपवायची, भांडी पुसायला यायची, "मिसेस व्ही, येतो आम्ही," म्हणून जायची. हे दोघे बसलेलेच. मी कॉफी ठेवून जायचे ती तशीच गार व्हायची. माझ्याशी क्लेम जेवताना काय बोलायचा? मीठ दे. भट्टीतली राख काढली का? लाइलशी मात्र तो बोलत असायचा, हसायचा, एकदा तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "अरे, तू माझ्या डोक्यात राहतोस की काय!"

मी सोळा वर्षांची असल्यापासून त्याला ओळखत होते. मला त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

अशाच एका गुरुवारी ती चाल सापडली. सगळी फळी एका अंगाला सरकते, चेंडूही तिकडेच निघतो, आणि सगळे तिकडे धावत असताना एकजण गुपचूप उलट्या बाजूने घुसतो. तो अक्रोड उलटा कुणी सरकवला, क्लेमने की लाइलने? मी त्या वेळी ताटं उचलत होते. माझ्या डायरीत त्या दिवशी रस्सा खारट झाला एवढंच आहे. क्लेमने चालीचं नाव 'गुरुवार' ठेवलं, आणि एकसष्ट साली तिने आम्हाला फार गुण मिळवून दिले.

शिक्षण संपल्यावर लाइल क्लेमचा मदतनीस झाला. मग एके दिवशी त्याला दोन तासांवरच्या मार्शफोर्ड कॉलेजने मुख्य कोच म्हणून बोलावलं आणि तो गेला. जाताना रडला. क्लेमने त्याची ट्रंक स्वतः गाडीत ठेवली. त्यानंतर मार्शफोर्ड आम्हाला दर वर्षी हरवायला लागलं, तीन वर्षं लागोपाठ. पेपरात लाइलचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'टेस्मरची उलटी चाल'. क्लेमने तो पेपर मासे गुंडाळायला दिला. मग कचऱ्यातून काढून परत वाचला. त्याच्या हातांना माशांचा वास होता, म्हणून मला कळलं.

त्या नोव्हेंबरात गोष्ट पेपरापुरती राहिली नव्हती. आमचे चार सामने जिंकून झाले होते, चार हरून. एकच उरला होता, मार्शफोर्डशी. शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या माशाच्या जेवणाला कॉलेजचे प्रमुख फादर क्विनलन क्लेमशेजारी येऊन बसले.

"क्लेम, विश्वस्त मंडळी नाराज आहेत," ते म्हणाले. "या वर्षी जिंकल्यापेक्षा हरलेले जास्त झाले, तर मला बदल करावा लागेल."

"बरोबरी झाली तर?"

"बरोबरीला कोण काय म्हणणार? राहशील तू."

"आणि नाही राहिलो तर कोण?"

फादर माशातला काटा काढत बसले. तेव्हा क्लेमला कळलं कोण ते.

आता त्या फिल्मच्या डब्यांबद्दल. आमच्याकडे रिवाज होता की पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी खेळायचं त्यांना आपल्या आधीच्या सामन्यांच्या फिल्म द्यायच्या आणि त्यांच्या घ्यायच्या. त्यात कुणी लबाडी करत नसे. ज्याला शनिवारी चिखलात लोळवायचं त्याच्याबरोबर रविवारी सकाळी, दोन्ही गावांच्या मध्ये कुठेतरी, फळं भरून भाजलेला गोड 'पाय' खायचा. आमची आणि मार्शफोर्डची जागा हमरस्त्यावरची ट्रकवाल्यांची खानावळ.

लाइल आधीच येऊन बसला होता. मला बघून उठला, खुर्ची ओढली. कोट खरंच सुंदर होता. क्लेम अजून लष्करातला कोट घालत होता, बाहीला मी दोनदा अस्तर लावलेला.

"कोच नाही आले?"

"गुडघा."

"हं. मागच्या वर्षीही गुडघाच होता."

"त्याला दोन आहेत," मी म्हटलं.

लाइल हसला. त्याने माझ्यासाठी चेरी पाय मागवला होता. माझी आवड त्याला आठवत होती. मला चीड आली, कारण क्लेमला आठवली नसती.

"अजून करता का तो गुरुवारचा रस्सा?"

"करते."

"आमच्याकडेही मी मुलांना जेवायला बोलवतो. पण बायको पुठ्ठ्याच्या डब्यातलं मागवते. तिला फुटबॉल आवडत नाही. सामन्यालासुद्धा येत नाही."

"शहाणी आहे," मी म्हटलं, आणि डबे घेऊन उठले. पाय अर्धा राहिला. तो फार चांगला होता.

संध्याकाळी क्लेमने जेवणाच्या खोलीत भिंतीवर चादर लावली. मी कोपऱ्यात मोजे रफू करत बसले. मशीन घरघरत होतं, चादरीवर मार्शफोर्डची पोरं इकडून तिकडे धावत होती. क्लेम बघायचा, थांबवायचा, उलटं फिरवायचा. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो खेळाडूंकडे बघतच नाही. फिल्म उंचावरून घेतलेली असते, तिच्यात खाली मैदानाची कड दिसते. तिथे लाइल उभा होता. क्लेम लाइलकडेच बघत होता.

"बघ कसा उभा आहे," तो म्हणाला. "जसं काही सगळं याच्या बापाने शोधून काढलंय."

"क्लेम, मोज्याला तुझ्याइतकी भोकं कुणी पाडत नाही."

"थांब. थांब, आर्मेला." तो उठला आणि चादरीजवळ गेला. "टोपी."

लाइलने टोपी मागे सरकवली. त्याच्या मुलांनी चेंडू फेकला. उलटं फिरवून क्लेमने पुढचा डाव लावला. लाइलने टोपी पुढे ओढली. मुलं चेंडू घेऊन धावली. पुन्हा मागे, पुन्हा फेक. पुढे, धाव. क्लेमच्या सावलीने अर्धी चादर झाकली होती आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

"सापडला! मूर्ख माणूस! सगळं टोपीने सांगतोय आणि त्याला स्वतःला पत्ता नाही. शनिवारी माझी पोरं चेंडूकडे बघणारच नाहीत, याच्या डोक्याकडे बघतील."

मी सुई खाली ठेवली.

"क्लेम, ते तुझं आहे."

"काय माझं?"

"टोपीचं. चेंडू फेकायचा असला की तू मागे सरकवतोस, पळायचं असलं की पुढे ओढतोस. त्याने तुझंच उचललंय."

"मी? मी कधी टोपीला हात लावतो?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. न्हावीसुद्धा करून दाखवतो."

मशीन घरघरत राहिलं. रीळ संपलं आणि चादर पांढरी झाली, तरी तो तसाच उभा. हसू गेलं होतं.

"म्हणजे तीन वर्षं," तो सावकाश म्हणाला, "तीन वर्षं तो पोरगा माझी टोपी वाचतोय."

"वाचतच असेल."

"हे त्याला कळलं, आणि मला नाही?"

आपण तीन वर्षं हरलो, याचं त्याला त्या क्षणी काही वाटत नव्हतं. लाइलला त्याच्याबद्दल काहीतरी ठाऊक होतं जे त्याला स्वतःला नव्हतं, हे त्याला सहन होत नव्हतं. मला ते चांगलं समजत होतं.

शनिवारी सकाळी मैदानाच्या फाटकापाशी त्याने ती तपकिरी लोकरी टोपी काढून माझ्या हातात दिली. "पिशवीत ठेव. मागितली तरी देऊ नकोस," म्हणाला, आणि उघड्या डोक्याने आत गेला. बर्फ पडेल असं आभाळ होतं. तेवीस वर्षांत मी त्याला मैदानावर बोडका पाहिला नव्हता. टक्कल लांबून चकाकत होतं.

मी माझ्या जागी जाऊन बसले, आमच्या संघामागच्या कठड्यालगतच्या बाकावर, मांडीवर घोंगडी, खिशात जपमाळ. मागून खाटकाची बायको ओरडली, "आर्मेला, कोचची टोपी कुठाय? कोण गेलं?"

"उन्हाळा आलाय त्याला," खाटीक म्हणाला. सगळे हसले.

लाइल समोरच्या कडेला उभा होता. सामना सुरू व्हायच्या आधी त्याने क्लेमकडे बघितलं आणि जरासा चक्रावला, हे मला एवढ्या लांबूनही दिसलं. मला बरं वाटलं.

आमच्या पोरांनी सांगितल्याप्रमाणे लाइलच्या टोपीवर नजर ठेवली. तो फेकायला सांगायचा आणि आमची पोरं आधीच मागे जाऊन थांबलेली. पळायला सांगायचा आणि आमची भिंत तयार. पण आपला डाव आला की आमचं सगळं बिघडायचं. डावीकडचे एका बाजूला ढकलायचे, उजवीकडचे दुसऱ्या. एकदा तर आमचा क्वार्टरबॅक हावी चेंडू फेकायला मागे गेला आणि त्याला वाचवायचं सोडून आमची अख्खी फळी पुढे धावत गेली. बिचारा एकटा उभा, मार्शफोर्डचे चारजण त्याच्यावर. दोनदा चेंडू हातचा गेला, दोन्ही वेळा त्यांनी तो आमच्या रेषेपार नेला. मध्यंतराला मार्शफोर्ड चौदा, आम्ही शून्य. फादर क्विनलन विश्वस्तांबरोबर बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

मध्यंतरात ड्रेसिंग रूमच्या दारातून आमचा कप्तान गस हेटिंगर बाहेर आला आणि चिखलाने माखलेला तसाच थेट माझ्या कठड्याशी.

"मिसेस व्ही, टोपी द्या."

"त्याने मागितली तरी देऊ नको म्हणून सांगितलंय."

"त्यांनी नाही मागितली. आम्ही मागतोय."

"तुम्हाला कशाला?"

गसने मागे वळून बघितलं, मग हळूच म्हणाला, "हावी तोंडातल्या तोंडात बोलतो. चाल काय ते फळीत कुणालाच ऐकू येत नाही. पहिल्यापासून. आम्ही टोपी बघतो."

"सगळे?"

"सगळे. आमच्या आधीचेही बघायचे. त्यांनीच शिकवलं आम्हाला. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी सांगतात, कोचचं ऐकू नको, टोपी बघ."

"क्लेमला हे माहीत आहे?"

"आत्ता सांगितलं."

"काय म्हणाला?"

"खाली बसले," गस म्हणाला. "बादलीवर."

मी टोपी दिली. गसने ती चिखल लागू नये म्हणून दातात धरून नेली.

आत काय झालं ते गसनेच नंतर सांगितलं. क्लेम टोपीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती डोक्यावर घातली आणि म्हणाला, "ठीक आहे, गाढवांनो. आजपासून उलटं. मागे म्हणजे धाव. पुढे म्हणजे फेक. कुणी विसरला तर त्याला मी इतिहासात नापास करीन."

क्लेम बाहेर आला तेव्हा टोपी बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर लाइलने खांदे सैल केले. त्यालाही हायसं वाटलं असणार. क्लेमने टोपी मागे सरकवली. लाइलने हात उंचावून आपल्या पोरांना मागे पाठवलं, आणि आमची पोरं त्यांच्या मधून सरळ चालत गेली. टोपी पुढे, आणि हावीने चेंडू फेकला तिथे मार्शफोर्डचं कुणीच नव्हतं. अर्धा तास क्लेम लाइलला टोपीने नाचवत होता. तो मुद्दाम हळूहळू टोपी हलवायचा, दुकानातल्या आरशासमोर उभा राहिल्यासारखा. इतका खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

चौदाला सात झालं. आणि अगदी शेवटी, घड्याळात काहीच उरलेलं नसताना, गसने आपल्या अंगाखाली दोघांना दाबून वाट काढली आणि आमचा पोरगा चेंडू घेऊन रेषेपार पडला. त्याचे सहा गुण. तेरा. आता एकच डाव उरला होता. रेषेपार गेल्यावर मिळतो तो जादा. लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला तर एक गुण. पळवत किंवा फेकत पुन्हा रेषेपार नेला तर दोन.

एक म्हणजे बरोबरी. क्लेमची शिट्टी क्लेमच्या गळ्यात. आमचा लाथ मारणारा पोरगा त्या वर्षी एकदाही चुकला नव्हता.

"लाथ!" फादर क्विनलन उभे राहून ओरडले. फादरना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "क्लेम, लाथ मार!"

क्लेमने लाथ मारणाऱ्याला खाली बसायची खूण केली. लाइलशी बरोबरी त्याला नको होती. नोकरी गेली तर चालेल, पण त्याच्या जोडीला उभं राहायचं नाही. हे त्याच्या पाठीवरून मला वाचता येत होतं, टोपीची गरज नव्हती.

मी जपमाळ हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. शाळेत सिस्टर युलालियाने आम्हाला शिकवलं होतं की देवाकडे काही मागायचं तर त्याच वेळी डोळ्यांनी लुडबूड करू नये. मी अटीतटीच्या वेळी नेहमी डोळे मिटते.

मला फक्त ऐकू आलं. समोरून लाइलचा आवाज, एकच शब्द, मला तो कळला नाही. मग हेल्मेटांचा धडाका. मग समोरच्या बाजूचा जल्लोष.

डोळे उघडले तेव्हा रेषेच्या अलीकडे पोरांचा ढीग होता. आमचा जो पोरगा गुपचूप उलट्या बाजूने घुसायचा तो तळाशी होता. मार्शफोर्डचे दोघे तिथे आधीच उभे असल्यासारखे त्याला भेटले होते. क्लेमने टोपी काढून चिखलात फेकली आणि लाइलशी हात मिळवायला गेला. नियम आहे, मिळवावाच लागतो. मग परत येताना टोपीवरून चालत आला.

अंधार पडायच्या सुमाराला मागच्या दारावर टकटक झाली. क्लेम स्वयंपाकघरात गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसला होता. या वेळी खरंच दुखत होता. दारात लाइल, त्या सुंदर कोटात, हातात चिखलाचा गोळा. ती टोपी होती.

"ही राहिली होती, कोच."

"मुद्दाम राहिली होती," क्लेम म्हणाला.

मी टोपी घेतली. लाइल बसला नाही. "फादर क्विनलननी मला बाजूला घेतलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मी हो म्हटलं."

क्लेमने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "ऑफिसातला हीटर लाथ मारल्याशिवाय चालत नाही," तो म्हणाला. "कुठे मारायची ते मी सांगणार नाही."

"माहीत आहे मला. खाली, डावीकडे."

"हेही माहीत आहे!"

"कोच, फळी तुम्ही सांभाळा. मी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. मला जमत नाही ती."

"तुझ्या हाताखाली?"

"माझ्या शेजारी."

 पुढे क्लेमने ती फळी नऊ वर्षं सांभाळली. लोक म्हणायचे, केवढं मोठं मन. मोठं वगैरे काही नव्हतं. लाइल कुठे चुकतो ते बघायला तो रोज जात होता, आणि लाइल फारसा चुकत नसे म्हणून रोज चिडून घरी येत होता. शेवटच्या आजारातही त्याने माझ्याआधी लाइलला निरोप पाठवला. पण त्या संध्याकाळी, त्याच्या मनात सामना संपल्यापासून दुसरंच काही असावं तसं तो एकदम म्हणाला,

"एक सांग. तुला कसं कळलं? टोपी तर उलटी होती. पार गोंधळला होतास तू, मी बघत होतो."

"टोपीवरून नाही कळलं."

"मग?"

लाइलने माझ्याकडे बघितलं, मग क्लेमकडे. "गुरुवार सांगायच्या आधी तुम्ही यांच्याकडे बघता."

"कुणाकडे?"

"मिसेस व्हींकडे. वर, बाकाकडे. बाकी कुठल्याच चालीला नाही, फक्त त्या एकीला. एकसष्टमध्ये मी तुमच्या निरोपाची वाट बघत मैदानात उभा असायचो. तुम्ही वळून वर बघायचात, आणि निरोप यायच्या आधी मला कळायचं, आता गुरुवार. आजही बघितलंत. मी आमच्या पोरांना ओरडून सांगितलं."

"मी कधी बघतो?" क्लेम म्हणाला. त्याच्या टकलापर्यंत लाली चढली. "तिला थंडी वाजतेय का, एवढंच बघत असेन."

मी टोपी हातात धरून उभी होते. माझ्या टेबलावर सापडलेली चाल, म्हणून तो बघत असेल. की खरंच थंडीसाठी. विचारून तो सांगणाऱ्यातला नव्हता. तेवीस वर्षं मी त्या बाकावर बसले, पावसात, बर्फात, आणि नेमक्या त्याच घडीला डोळे मिटून. ते बघणं माझं होतं, आणि वर्षानुवर्षं ते लाइल टेस्मरने पाहिलं. कोट, पेपरातला फोटो, नोकरी, सगळं एका बाजूला. मला आजही त्याचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी.

"थंडी वाजत होती का?" क्लेमने मला विचारलं.

"वाजत होती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग लाइलकडे वळला. "बस की आता. उभा काय राहिलास? आर्मेला, अक्रोड कुठे आहेत? लाइल, दाखव मला, तुझे ते दोघे तू कुठे उभे केले होतेस."

लाइलने कोट काढून खुर्चीवर टाकला. टेबलावर अक्रोड मांडले गेले, दोघांची डोकी जवळ आली, आणि मी तिथे आहे हे दोघेही विसरले. मी कॉफी ठेवली. ती गार होणार हे मला माहीत होतं. मग मोरीवरचा दिवा लावला.

त्या संध्याकाळी डायरीत सामन्याचे आकडे लिहिले आणि त्याखाली हे: तपकिरी टोपी गार पाण्यात धुतली. आटू नये म्हणून पालथ्या पातेल्यावर वाळत ठेवली आहे.